हसणारे गिऱ्हाईक आणि घेणारे गिऱ्हाईक

आपल्या पूर्वजांनी चौसष्ट कला मानल्या. त्यांत जाहिरातीला स्थान नव्हते. ती उणीव विसाव्या शतकाने भरून काढली आणि जाहिरातीला 'पासष्टावी कला' म्हणण्याचा प्रघात पडला. कला म्हटली की तिच्यात रस आलेच. नवरसांपैकी कोणता रस जाहिरातवाल्यांनी अधिक राबवून घेतला असे विचारले, तर शृंगाराच्या खालोखाल हास्यरसाचेच नाव घ्यावे लागेल. दूरचित्रवाणीचा पडदा पाहा, मोबाईलचा पडदा पाहा, चौकातले फलक पाहा. कोणी ना कोणी आपल्याला हसवून काहीतरी विकू पाहत असतो.

आता याच्या उलट आपल्या या वार्षिक अंकाची शेवटची पाने उघडून पाहावीत. तेथे गावातल्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती आहेत. कापडाचे दुकान, सराफी पेढी, खते व बियाणे, छापखाना. 'एकच भाव', 'खात्रीचा माल', 'आमची कोठेही शाखा नाही', 'स्नेहसंमेलनास हार्दिक शुभेच्छा' असा मजकूर आहे. एकही जाहिरात विनोदी नाही. म्हणजे मोठ्या कंपन्या कोट्यवधी रुपये खर्चून लोकांना हसवतात आणि आमच्या गावचा व्यापारी मात्र पदरचे चार पैसे खर्चताना गंभीर होतो. दोघांपैकी बरोबर कोण? विनोदाने माल खरोखर खपतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जाहिरात आवडणे ही एक गोष्ट आणि जाहिरातीतली वस्तू विकत घेणे ही दुसरी. आपण मित्रांच्या अड्ड्यावर जाहिरातीची नक्कल करतो, पोट धरून हसतो आणि 'ही जाहिरात कशाची रे?' असे कोणी विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. अशी जाहिरात गाजली हे खरे. पण ती फळली असे म्हणता येईल काय? गाजणे आणि फळणे यांत अंतर आहे, आणि सगळा वाद त्या अंतराचा आहे.

बाजारातला औषधवाला

आठवडी बाजारात जडीबुटी विकणारा माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. जमिनीवर एक मळके जाजम, त्यावर वाळलेल्या मुळ्या, तेलाच्या बाटल्या आणि दोन-चार बरण्या. त्याला आधी गर्दी जमवावी लागते, आणि ती तो विनोदाने जमवतो. कधी स्वतःच्या बायकोची थट्टा, कधी पुढाऱ्याची, कधी समोर उभ्या असलेल्या एखाद्या बावळट पोराची. माणसे थांबतात, हसतात, बघता बघता कोंडाळे होते. पण त्याचे बोलणे मी शेवटपर्यंत नीट ऐकले आहे. बाटलीचा भाव सांगण्याची वेळ जवळ आली की त्याचा विनोद बंद पडतो. आवाज खाली येतो. गुडघ्याचे दुखणे, पोटातला वात, रात्रीची उडालेली झोप यांची नावे निघू लागतात. मघाशी हसणारे चेहरे विचारात पडतात, आणि मग पहिला हात खिशात जातो.

या माणसाने मानसशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही. तथापि गर्दी जमवणे आणि माल विकणे ही दोन निराळी कामे आहेत, हे त्याला पक्के ठाऊक आहे. आपल्या कीर्तनकारांनाही ते ठाऊक असते. उत्तररंगात ते श्रोत्यांना मनसोक्त हसवतील. पण ज्या उपदेशासाठी आख्यान लावले तो सांगताना थट्टा करणार नाहीत. हसू हे श्रोत्याला बसवून ठेवण्यासाठी. पटवण्याचे काम दुसऱ्याच गोष्टीने होते.

जाणत्यांचा मतभेद

जाहिरात-व्यवसायातल्या जाणत्या माणसांतही याविषयी एकमत नव्हते. अमेरिकेतले क्लॉड हॉपकिन्स हे त्या व्यवसायातले एक आद्य पुरुष. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग' या पुस्तकात त्यांनी विनोदाला जाहिरातीच्या दारातही उभे केले नाही. जाहिरात म्हणजे कागदावर उतरलेला विक्रेता, ही त्यांची भूमिका. घामाचा पैसा खर्च करणे ही माणसाच्या लेखी गंभीर बाब आहे. तेव्हा दुकानातल्या विक्रेत्याने गिऱ्हाइकापुढे माकडचेष्टा केलेल्या चालणार नसतील, तर छापील विक्रेत्याच्या तरी का चालाव्यात, असा त्यांचा सवाल.

दुसरे मोठे नाव डेव्हिड ओगिल्व्ही यांचे. जुन्या पिढीचा समज त्यांनाही मान्य होता. पण १९८३ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी कबूल केले की, नव्या पाहणीचे निष्कर्ष पाहता विनोदानेही माल खपू शकतो. मात्र लगेच त्यांनी एक इशारा देऊन ठेवला. खरोखर हसवू शकणारे लेखक फार थोडे असतात. ज्यांना ते साधत नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

खरेदीच्या पायऱ्या

मते राहू द्या. अनुभव काय सांगतो ते पाहू. मनुष्य वस्तू विकत घेतो ती एकदम नव्हे, पायऱ्यापायऱ्यांनी. आधी जाहिरातीकडे त्याचे लक्ष जाते, मग नाव ध्यानात राहते, मग त्यावर विश्वास बसतो, मग वस्तू हवीशी वाटते, आणि शेवटी तो पैसे मोजतो. यांपैकी कोणत्या पायरीवर विनोद उपयोगी पडतो आणि कोणत्या पायरीवर पाय घसरतो, असा प्रश्न विचारला म्हणजे गुंता बराच सुटतो.

पहिल्या पायरीविषयी वाद नाही. ब्रायन स्टर्नथॉल आणि सॅम्युएल क्रेग या दोघा संशोधकांनी १९७३ साली तोपर्यंतच्या प्रयोगांचा आढावा घेतला. विनोद लक्ष खेचून घेतो हे त्यांना निःशंकपणे दिसले. परंतु सांगितलेली गोष्ट समजण्याच्या आड तो येऊ शकतो, असेही दिसले. आणि गंभीर जाहिरातीपेक्षा विनोदी जाहिरात अधिक पटते असा पुरावा मात्र मिळाला नाही.

दुसरी पायरी नावाची. येथेच पुष्कळ विनोदी जाहिराती कोसळतात. विनोद इतका रंगतो की तो वस्तूलाच खाऊन टाकतो. या धोक्याला जाहिरात-व्यवसायात रक्तपिपासू पिशाच्चाची उपमा देतात. म्हणजे जिच्या जिवावर जगायचे तिचेच रक्त शोषायचे.

तिसरी पायरी विश्वासाची. मार्टिन आइझेंड या जर्मन प्राध्यापकांनी २००९ साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून जो निष्कर्ष काढला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. विनोदामुळे जाहिरात आवडते, मन प्रसन्न होते, वस्तूविषयी मत सुधारते आणि ती घेण्याची इच्छाही वाढते. परंतु सांगणाऱ्याची विश्वसनीयता मात्र कमी होते. आपल्या व्यवहारातही हेच दिसते. गावात गमत्या माणसाच्या भोवती सगळे जमतात. पण लग्नाची बोलणी करायला त्याला कोणी पुढे पाठवीत नाही.

येथे 'इच्छा' या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. अशा अभ्यासांत बहुधा जाहिरात दाखवून 'ही वस्तू घ्यावीशी वाटते काय?' असे विचारलेले असते. घ्यावीशी वाटणे आणि घेणे यांच्यामध्ये खिसा असतो. म्हणून प्रत्यक्ष वागणूक पाहणारा प्रयोग अधिक मोलाचा. तिघा अमेरिकन संशोधकांचा असा एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. लोकांना कार्यक्रमांची बोलावणी करणारी पत्रके वाटायची, काही साधी व काही विनोदी, आणि प्रत्यक्ष किती माणसे आली ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत. मौजेच्या, स्नेहमेळाव्यासारख्या कार्यक्रमाला विनोदी पत्रकाने उपस्थिती वाढली. कामकाजाच्या सभेला ती वाढली नाही. याचे कारण उघड आहे. मेळाव्याला माणूस मौजेसाठी जातो, आणि विनोदी पत्रक ही त्या मौजेची वानगीच असते. सभेला जाण्याचे कारण मौज नव्हे. आपल्याकडे वर्तमानपत्रात विनोदी नाटकाची जाहिरात विनोदी असते ती याच न्यायाने. शीत दाखवून भाताची परीक्षा द्यायची. तेच विमा उतरवणाऱ्याने करावे काय?

हसताना वाद घालता येत नाही

विनोदाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो ग्राहकाने विशेष समजून घ्यावा असा आहे. लिऑन फेस्टिंगर आणि नेथन मॅकोबी या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकन महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची मंडळे असतात. सभासदांना त्यांचा मोठा अभिमान. अशा सभासदांना त्याच मंडळांवर कडक टीका करणारे भाषण ऐकवण्यात आले. काहींना पडद्यावर भाषण करणारा माणूस दिसत होता. काहींना तेच भाषण ऐकवताना पडद्यावर भलताच गमतीदार चित्रपट दाखवला. भाषणाचा प्रभाव अधिक पडला तो गमतीदार चित्रपट पाहणाऱ्यांवर!

असे का व्हावे? आपल्याला न पटणारे कोणी बोलू लागले की आपण तोंडाने गप्प असलो तरी मनात उत्तरे देत असतो. 'हे खोटे', 'याचा पुरावा काय?', 'तसे असेल तर अमुक कसे?' ही मनातली उलटतपासणी म्हणजेच आपली ढाल. गमतीत मन गुंतले की ढाल खाली जाते आणि सांगणाऱ्याचे म्हणणे बिनविरोध आत शिरते. म्हणजे विनोद विश्वास वाढवीत नाही, पण शंकेला थोडा वेळ झोपवतो. वस्तू पाच रुपयांची असेल तर तेवढी झोपही पुरते. वस्तू पाच लाखांची असेल तर शंका दुकानात पोचेपर्यंत पुन्हा जागी होते.

शिवाय हसणारा कोण आहे, यावरही बरेच अवलंबून असते. अमिताव चट्टोपाध्याय आणि कुणाल बसू (हे बसू पुढे कादंबरीकार म्हणून नावाजले) यांनी १९९० साली दाखवून दिले की, वस्तूविषयी आधीच चांगले मत असेल तर विनोदी जाहिरात गंभीर जाहिरातीपेक्षा अधिक फळते; मत वाईट असेल तर गंभीर जाहिरातच बरी. मित्राने केलेली थट्टा गोड वाटते, आणि ज्याच्याशी वाकडे आहे त्याने तीच थट्टा केली तर राग येतो. तसेच हे.

काही गाजलेली उदाहरणे

आता उदाहरणे पाहू. पहिले उदाहरण बीअरचे आहे. विषय महाविद्यालयीन अंकाला शोभणारा नसला तरी धडा मोलाचा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 'पील्स' नावाची बीअर तयार होत असे. १९५५ च्या अखेरीस तिच्या जाहिरातींत बर्ट आणि हॅरी हे दोन व्यंगचित्रांतले भाऊ आले. एक बुटका व आरडाओरडा करणारा, दुसरा उंच व शांत. त्यांचे आवाज बॉब आणि रे या नामवंत विनोदी जोडीचे. लोक या भावांवर बेहद्द खूष झाले. सुरुवातीला बीअरचा खपही वाढला. पुढे मात्र तो घसरत गेला, आणि १९६० मध्ये दोघा भावांना रजा देण्यात आली. जाहिरात-व्यवसायात याचा अर्थ असा लावतात की, विनोदाने माणसे एकदा बीअरपर्यंत नेली. पण चव आवडली नाही, त्यामुळे ती परत आली नाहीत. विनोद पहिली खरेदी घडवू शकतो. दुसरी खरेदी वस्तूनेच घडवावी लागते.

दुसरे उदाहरण फोक्सवॅगन मोटारीचे. १९५९ साली अमेरिकेत लांबलचक, चकचकीत मोटारींची चलती होती. त्या काळात न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबाख या संस्थेने या ठेंगण्या जर्मन गाडीची जाहिरात केली ती तिच्या ठेंगणेपणाचीच थट्टा करून. मोठ्या पानावर कोपऱ्यात एवढीशी गाडी आणि खाली 'लहान विचार करा' अशा अर्थाचा मथळा. दुसऱ्या एका जाहिरातीत गाडीच्या चित्राखाली 'लेमन' एवढा एकच शब्द होता. अमेरिकन बोलीत त्याचा अर्थ खोडीचा, फसवा माल. वाचणारा चमकून पुढे वाचतो तर कळते की, एका पट्टीवर डाग आढळला म्हणून तपासनिसाने ही गाडी कारखान्यातच अडवून ठेवली. म्हणजे मथळा हसवतो आणि मजकूर कारण देतो. या गाडीचा खप जाहिरातीपूर्वीच वाढू लागला होता, हे विसरता कामा नये. गाडी मुळातच टिकाऊ आणि कमी खर्चाची होती. विनोदाने ते लोकांना ऐकायला लावले.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फेविकॉल. एक ढाबेवाला अंडे फोडू पाहतो. काही केल्या ते फुटत नाही. मग दिसते की कोंबडी फेविकॉलच्या डब्यातून दाणे टिपते आहे. दुसऱ्या जाहिरातीत वाळवंटातल्या खडबडीत रस्त्याने बस चालली आहे; आत, टपावर, दारात, मागे, जिकडे तिकडे माणसे लटकलेली; बस हेलकावते, पण एकही माणूस पडत नाही. पीयूष पांडे यांच्या काळात ओगिल्व्ही संस्थेने केलेल्या या जाहिरातींत विनोद कोणता आहे? 'चिकटणे' हाच. वस्तूचा गुण काढून घेतला तर विनोद शिल्लकच राहत नाही. त्यामुळे विनोद आठवला की गुण आठवतो आणि गुण आठवला की नाव. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. फेविकॉल विकत घेण्याचा निर्णय पुष्कळदा सुताराच्या हाती असतो. पिडिलाइट कंपनीने सुतारांशी थेट संबंध ठेवला, त्यांच्यासाठी फर्निचरच्या नमुन्यांची पुस्तके काढली. आपण दिवाणखान्यात बसून हसलो. पण सुताराला पटले होते ते पाटावर आणि रंध्याखाली.

अमूल लोण्याची गोष्ट थोडी निराळी. मुंबईकरांच्या जिभेला पूर्वी पोल्सन लोण्याची सवय होती. १९६६ साली अमूलच्या जाहिरातींचे काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आले. खाण्याच्या पदार्थाची जाहिरात भारदस्तपणेच करायची, अशी तेव्हाची रीत. ती मोडून त्यांनी आणि चित्रकार यूस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली खट्याळ मुलगी उभी केली. मुंबईत घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम आला तेव्हा ती घोड्यावर बसली आणि जातिवंत घोड्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दात 'ब्रेड' घुसवून तिने कोटी केली. तेव्हापासून ताज्या घडामोडींवरच्या तिच्या कोट्या चालू आहेत. त्यात लोण्याच्या गुणाविषयी एक अक्षरही नसते. मग ही जाहिरात कशी फळली? कारण लोणी ही पुन्हापुन्हा घ्यायची, माहितीची, बेताच्या किमतीची वस्तू आहे. तेथे पटवण्याची गरज नसते. नाव जिभेवर राहिले की पुरे. आणि नाव जिभेवर आले त्या दिवशी लोणी दुकानात हजर असते, हे मोठे काम आणंदच्या सहकारी दूध संघाने आणि १९७३ साली स्थापन झालेल्या गुजरात सहकारी दूध विक्री महासंघाने केले. फलकाने आठवण दिली, दुकानाने माल दिला.

नुसत्या प्रेमावर धंदा चालत नाही याचे उदाहरणही आपल्या मुंबईतलेच आहे. एअर इंडियाचा मिशीवाला, वाकून नमस्कार करणारा महाराजा १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातला. त्याच्या थट्टेखोर फलकांवर पिढ्यान्‌पिढ्यांनी प्रेम केले. परंतु पुढे त्या विमानसेवेवर कर्जाचा डोंगर झाला आणि २०२२ च्या जानेवारीत ती टाटांकडे परत गेली. महाराजावरचा लोभ कमी झाला म्हणून हे घडले नाही, आणि तो लोभ कायम होता म्हणून टळलेही नाही. तिकीट काढताना माणूस भाडे पाहतो, वेळ पाहतो, मागचा अनुभव आठवतो.

आता एक गंभीर जाहिरात घेऊ. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी सुरू केलेल्या निरमा पावडरने सर्फपेक्षा कितीतरी कमी भावात घराघरांत प्रवेश केला. तेव्हा १९८० च्या दशकात लिंटास संस्थेच्या अलेक पदमसी यांनी 'ललिताजी' पुढे आणली. कविता चौधरी यांनी रंगवलेली ही गृहिणी भाजीवाल्याशी घासाघीस करते, पण स्वस्त आणि चांगले यांतला फरक ओळखते. ती हसवत नाही, हिशेब सांगते. का? कारण समोरची शंका पैशाची होती आणि पैशाच्या शंकेला हिशेबानेच उत्तर द्यावे लागते. त्या हिशेबालाही मर्यादा होत्याच. कारण स्वस्त पावडरीशी झुंज द्यायला त्याच कंपनीला पुढे 'व्हील' ही स्वस्त पावडर काढावी लागली. जाहिरात विनोदी असो वा गंभीर, भावापुढे तिचे फारसे चालत नाही.

गल्ल्याशेजारून

हे सर्व पुस्तकातले झाले. पण या प्रश्नाकडे मी वळलो तो पुस्तकामुळे नव्हे. माझ्या काकांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे आणि सुटीत मी त्यांच्या गल्ल्याशेजारी बसतो. तेथून पाहिले म्हणजे जाहिरातीचे बळ कोठपर्यंत पोचते ते डोळ्यांना दिसते. पोरे गोळ्या मागायला येतात ती जाहिरातीतले वाक्य घोळवीतच येतात. तेथे विनोद सरळ विक्री करतो. साबण, बिस्किटे यांचे नाव सांगितले जाते, पण ते नसले तर 'द्या दुसरे कोणते असेल ते' असेही म्हटले जाते. तेलाचा डबा घ्यायला आलेली बाई मात्र पहिला प्रश्न भावाचा करते. आणि शेजारच्या दुकानात कपाशीचे बियाणे घेणारा शेतकरी तर हसण्याच्या मनःस्थितीतच नसतो. त्याचा सगळा हंगाम त्या पिशवीत असतो. तो विचारतो, 'मागल्या साली कोणाच्या वावरात लावलं होतं?' त्याला कोणती कोटी पटवणार?

मागल्या वर्षी बाहेरच्या रस्त्यावर एका मोठ्या साखळीचे वातानुकूल दुकान उघडले आणि काकांची महिन्याची बांधलेली गिऱ्हाइके एकेक करून तिकडे जाऊ लागली. दिवाळीपूर्वी ऑटोवर भोंगा लावून गावभर जाहिरात फिरवायचे ठरले. चुलतभावाने नवरा-बायकोच्या भांडणाचा विनोदी संवाद लिहून आणला. तो चांगला होता. आम्ही सगळे हसलो. काका मात्र म्हणाले, "अरे, हसले ते ठीक. पण यात आपलं दुकान कुठं आहे?" मग त्यांनीच एक वाक्य सुचवले : "आमच्या दुकानात एसी नाही, म्हणून बिलात त्याचे पैसेही नाहीत." पुढे साखर, तेल, डाळ, रवा यांचे भाव आणि घरपोच सामानाचा फोन नंबर. तीच जाहिरात फिरली.

काकांनी हॉपकिन्स वाचलेले नाहीत की फेविकॉलच्या जाहिरातीचा अभ्यास केलेला नाही. परंतु त्यांचे ते एक वाक्य मला या विषयावरच्या पुष्कळ वाचनाचे सार वाटते. त्यातला विनोद हाच दुकानात येण्याचे कारण आहे; आणि विनोद संपताच भाव सुरू होतो, बाजारातल्या औषधवाल्यासारखा. त्याने खप वाढला काय? दिवाळीत दुकानात गर्दी होती हे खरे. पण त्याच आठवड्यात लोकांच्या हाती कापसाचे पैसे आले होते, आणि सणाला गर्दी होतेच. एका दिवाळीवरून निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही. मोठ्या कंपन्यांचीही अडचण हीच असते. जाहिरात चालू असताना भाव बदलतो, प्रतिस्पर्धी बदलतो, हंगाम बदलतो. वाढलेल्या खपातला विनोदाचा वाटा वेगळा काढून दाखवणे अतिशय कठीण. म्हणूनच 'विनोदाने माल खपला' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर जरा बेतानेच विश्वास ठेवावा.

तात्पर्य

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. विनोद गिऱ्हाइकाला थांबवतो, त्याला प्रसन्न करतो, नाव ओळखीचे करतो. वस्तू स्वस्त, नेहमीची आणि आधीच बऱ्या नावाची असेल तर एवढ्याने विक्री होते. वस्तू महाग, नवी किंवा जिवाशी खेळणारी असेल तर एवढ्याने होत नाही. तेथे कारण द्यावे लागते. ज्या विनोदाच्या पोटातच ते कारण असते तो दोन्हीकडे उपयोगी पडतो. आणि माल खोटा असेल तर उत्तम विनोद एवढेच करतो, की तो खोटेपणा अधिक लोकांना लवकर कळतो.

मग मोठी कंपनी आणि आमच्या गावचा व्यापारी यांत बरोबर कोण? दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. गोळी विकणाऱ्याला फक्त आठवण राहायला हवी आहे. सराफाला आणि बियाणेवाल्याला विश्वास हवा आहे, आणि तो त्यांनी 'एकच भाव' या दोन शब्दांवर वर्षानुवर्षे कमावलेला असतो.

आपण विद्यार्थी पुढच्या आयुष्यात जाहिराती लिहिणारे थोडे आणि जाहिराती पाहून खर्च करणारे सगळेच असणार आहोत. शिकवणी वर्ग, कर्ज, विमा, मोबाईलवरून झटपट पैसा मिळवून देणारे खेळ, अशा गंभीर वस्तूही आता हसत हसत आपल्यापुढे येतात. हसू नये असे मी म्हणणार नाही. चांगल्या विनोदाला दाद दिलीच पाहिजे. मात्र हसताना आपली उलटतपासणी बंद पडलेली असते, हे ध्यानात ठेवावे. हसून झाल्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारावा : यातला विनोद वजा केला तर वस्तू घेण्याचे कोणते कारण हाती उरते? काही उरले तर खुशाल घ्यावी. काहीच उरले नाही, तर त्या जाहिरातीने आपल्याला फुकट हसवले असे समजावे आणि पैसे खिशातच ठेवावेत.